लम्पीचा हिशेब गावाने ठेवला पाहिजे!



सरकारला आपले बरेच काही मोजता येते. सातबाऱ्यावर किती गुंठे पोटखराब आहे ते त्याला ठाऊक असते. सोसायटीचे किती थकले ते तर पैशापर्यंत ठाऊक असते. पण ऐन डवरणीत आपला बैल वीस दिवस गोठ्यात बसून राहिला, ही नोंद कोणत्याही सरकारी रजिस्टरात सापडत नाही. २०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा हेच झाले. मेलेली जनावरे मोजली गेली, तीही पंचनामा झाला तेवढीच. आजारी पडून उठलेली जनावरे ‘बरी झाली’ या रकान्यात गेली, आणि त्यांच्याबरोबर शेतकऱ्याचा तोटाही बरा झाला असे धरून चालले.

आमचे म्हणणे सरळ आहे. साथीचा आकडा ज्याच्या हातात असतो तोच ठरवतो की लस आधी कोणत्या गावाला जाणार, बैलबाजार कधी बंद होणार आणि भरपाई कोणाच्या पदरात पडणार. म्हणून हा आकडा गावाच्या हातात आला पाहिजे. मोजणी दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, ते पैसेवारीने आपल्याला शिकवले आहे. पीक डोळ्यांदेखत वाळते आणि कागदावर पैसेवारी पन्नासच्या वर निघते. आपल्याजवळ मात्र दाखवायला स्वतःचा कागद नसतो. मग मोर्चा काढायचा, निवेदन द्यायचे आणि साहेबांच्या आकड्यासमोर आपले रडगाणे मांडायचे. रडगाण्याला कचेरीत किंमत नसते. तारीखवार लिहिलेल्या नोंदीला असते.

आता या रोगाची चाल पाहा. लम्पीचा विषाणू काही काल जन्मलेला नाही. १९२९ साली आफ्रिकेतल्या आजच्या झांबिया देशात तो प्रथम नोंदवला गेला. भारतात तो २०१९ साली ओडिशात सापडला. २०२० साली गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याकडून तो महाराष्ट्रात शिरला आणि विदर्भात पसरला. त्या वेळी सारा देश करोनात गुंतला होता, बैलाच्या अंगावरच्या गाठींकडे पाहणार कोण? मग ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रोगाने पुन्हा डोके वर काढले आणि काही आठवड्यांत राज्यभर हाहाकार उडाला. सप्टेंबरमध्ये सारे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, जनावरांचे बाजार बंद झाले आणि शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचण्याची मोहीम निघाली. म्हणजे पहिल्या इशाऱ्यापासून राज्यभरच्या मोहिमेपर्यंत दोन वर्षे गेली. २०२० सालीच गावागावांतून नोंदी वर गेल्या असत्या, त्या कोणी मांडून पाहिल्या असत्या, तर ही दोन वर्षे वाया जाण्याचे कारण नव्हते.

२०२२ साल संपताना संसदेपुढे जे आकडे आले त्यांत देशभरात दीड लाखाहून जास्त जनावरे दगावल्याचे सांगितले गेले. राजस्थानात पंच्याहत्तर हजारांवर, महाराष्ट्रात चोवीस हजारांवर. हे आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. ते अपुरे आहेत असे म्हणतो. आणि अपुरा आकडा शेतकऱ्याला कसा बुडवतो ते हिशेबाने दाखवतो.

उदाहरणासाठी एक गाव धरा. गावात गाय, बैल, वासरे मिळून २०० जनावरे. साथीत ४० जनावरांच्या अंगावर गाठी आल्या. त्यांतले २ बैल मेले, ३८ जनावरे उठली. २०२२ साली सरकारने मदतीचे दर ठरवले ते असे : गायीला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. म्हणजे सरकारी वहीत या गावाचे नुकसान झाले ५०,००० रुपये.

आता आपली वही उघडा. उठलेल्या ३८ पैकी २० बैल होते आणि ते २० वेगवेगळ्या जोड्यांतले होते असे धरा. एक बैल बसला की जोडी बसते, हे कास्तकाराला सांगावे लागत नाही. वीस जोड्या वीस दिवस बसल्या, म्हणजे ४०० दिवसांचे जोडीचे काम गेले. भाड्याच्या जोडीचा रोज हजार रुपये धरला तर हे झाले चार लाख. आपल्या गावचा दर घालून हा हिशेब ज्याने त्याने करावा. यात औषधपाणी नाही, गाभडलेली गाय नाही, आटलेले दूध नाही, तणात गेलेल्या पऱ्हाटीचा तोटा नाही आणि रब्बी ज्वारीची लांबलेली पेरणीही नाही. तरीही सरकारी आकड्याच्या आठपट नुकसान निघते, आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही! या रोगात साधारणपणे शंभरातली एक ते पाच जनावरे मरतात असे पशुवैद्यक सांगतात. म्हणजे जी मरत नाहीत तीच फार मोठी संख्या आहे. मरण मोजून या साथीचा तोटा कळणे शक्यच नाही.

दुसरी गोष्ट लसीची. ‘लस टोचली आणि जनावर मेले’ अशी आवई दर साथीत उठते. तिला भाषणाने उत्तर देता येत नाही, तारखेने देता येते. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. विषाणू आधीच शिरलेला असेल तर टोचल्यानंतर गाठी दिसणारच. म्हणून लसीची तारीख आणि पहिल्या गाठीची तारीख शेजारी शेजारी लिहिली पाहिजे. आपल्या उदाहरणातल्या गावात १२० जनावरांना वेळेवर लस मिळाली आणि त्यांतली १२ आजारी पडली, म्हणजे शंभरात दहा. उरलेल्या ८० पैकी २८ आजारी पडली, म्हणजे शंभरात पस्तीस. असा कागद गावाजवळ असला की लसीचा गुण किती हे गावाला कळते. आणि लस वेळेवर आली नाही त्या गावाला उशिराचे काय मोल मोजावे लागले, तेही साहेबाला दाखवता येते.

तिसरी गोष्ट, आकडा वाचण्याची. वर्तमानपत्रात ‘आजपर्यंत एकूण इतकी बाधित, इतकी बरी’ असे छापून येते. एकूणचा आकडा कधी खाली येत नसतो. साथ चढते आहे की उतरते आहे हे कळायला या आठवड्यात नवी किती आणि गेल्या आठवड्यात नवी किती, एवढेच पाहावे लागते. तसेच ठिकाणाचे. शेजारशेजारच्या गोठ्यांत ओळीने जनावरे पडत असतील तर काम माश्या, डास आणि गोचिडांचे आहे. गोठ्याची फवारणी आणि आजारी जनावर वेगळे बांधणे हा त्यावर उपाय. मधली दहा गावे सोडून अकराव्या गावात रोग उगवला, तर पहिला संशय गाडीतून आलेल्या जनावरावर घ्यावा. पैनगंगेच्या पलीकडून आलेले आहे की दारव्हा-पुसदकडून, हे त्याच दिवशी विचारले तर सापडते. महिन्याने विचारले तर कोणालाच आठवत नाही.

आकडे वेळेवर वाचले नाहीत तर काय होते, ते माणसांच्या साथीतही आपण भोगले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-यवतमाळकडे करोनाचे रुग्ण चढू लागले होते, आपल्या जिल्ह्यात निर्बंधही लागले. देशाला दुसरी लाट दिसली ती एप्रिलमध्ये, प्राणवायूसाठी धावाधाव सुरू झाल्यावर. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीच्या वर्षांपेक्षा मृत्यू किती जास्त झाले हे काढून सांगितले, की २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले असावेत. सरकारी आकडा होता ४ लाख ८० हजारांच्या आसपास. भारत सरकारने ती पद्धत अमान्य केली. वाद राहू द्या, पण माणसाची निदान जन्म-मृत्यूची नोंद तरी असते, म्हणून असा वाद घालता येतो. बैलाच्या मरणाची अशी सक्तीची नोंदच नाही. पशुगणना पाच-पाच वर्षांनी होते, विसावी २०१९ची. मधल्या काळात किती बैल साथीने गेले आणि किती कर्जापायी विकले गेले, हे त्यातून कसे निवडणार?

यावर काहीजण म्हणतील, शेतकरीच जनावर लपवतो, त्याला काय करणार? खरे आहे, लपवतो. का लपवतो तेही विचारा. २००९च्या केंद्रीय कायद्याने आजारी जनावराची खबर देण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. खबर दिली की बाजार बंद होतो, वाहतूक बंद होते. लेकीच्या लग्नाला किंवा बियाण्याच्या उधारीला जोडी विकायची असेल तर तीही अडकते. आणि हातात काय पडते? जनावर मेले तरच मदत, तीही पंचनामा वेळेवर झाला तर. खबर देणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला फायदा, अशी ही व्यवस्था आहे. मग आकडा खरा येणार कुठून? शेतकऱ्याला अडाणी म्हणण्याआधी हा सौदा बदला. खबर देणाऱ्याच्या बसलेल्या बैलाचा रोज द्या, लपवणे आपोआप थांबेल.

गावोगाव मोजून रोग संपवता येतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. बुळकांडीने गावेच्या गावे बैलांवाचून ठेवली होती, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. लस होतीच, पण शेवटी गावोगाव शोध घेऊन उरलेसुरले जनावर हुडकले गेले. भारतात शेवटची बुळकांडी १९९५ साली दिसली, २००६ साली देश त्या रोगातून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग मुक्त झाले.

कापसात आपण कामगंध सापळा लावतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की बोंडअळीची धोक्याची पातळी झाली असे समजतो. ज्याला पतंग मोजता येतात त्याला गाठीही मोजता येतात. शंभर पानी वही घ्या आणि सात रकाने आखा : मालकाचे नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, गाय, बैल की वासरू, लसीची तारीख, पहिली गाठ दिसल्याची तारीख, काम बुडाले ते दिवस, बरे झाले की मेले, आणि कधी. सुरुवात खांदशेकणीच्या दिवशी करा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाचा हात आपल्या बैलाच्या खांद्यावर फिरत असतोच, गाठ असेल तर त्या हाताला लागते. त्या रात्री घरोघर जाऊन एकूण जनावरे लिहून घ्या. पुढे दर सोमवारी नवी नोंद. तिची एक प्रत पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि एक तहसीलला द्यावी, आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. पोच नसलेला कागद म्हणजे रद्दी.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. पहिला : गावाने पोच घेऊन दिलेली नोंद भरपाईसाठी पुरावा म्हणून धरावी. दुसरा : साथीत बसलेल्या बैलाच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई मिळावी, केवळ मेलेल्याची नको. तिसरा : बाजार बंद करायचा तर त्या तालुक्याचे आठवडावार नवे आकडे आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, आणि आकडे उतरले की बाजार उघडण्याची तारीखही तिथेच लिहावी.

प्रत्येक गावाने बैठकीला येताना आपल्या जनावरांची मोजणी वहीत लिहून आणावी. वही नसलेल्या गावाला आम्ही त्याच दिवशी वही देऊ आणि रकाने आखूनच परत पाठवू.