कान देऊन चालवलेली गाडी

रविवारी सकाळी क्रमांक चिकटवलेल्या वीस-पंचवीस मोटारी एका रांगेत उभ्या दिसल्या की बघ्यांना वाटते, आता शर्यत सुटणार. वास्तविक शासनाच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक रस्त्यावर मोटारींची शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे. हौशी मंडळी धर्मादाय कामासाठी जी रॅली भरवतात, तिच्यात तर जोरात हाकणारा हमखास हरतो. सरासरी वेग आधीच ठरवून दिलेला, तोही बेताचा. वाटेत कुठे तरी घड्याळ घेऊन पंच बसलेले. उशीर झाला तर दंड आणि वेळेआधी पोहोचलात तरी दंडच, बहुधा जास्त.

यातलाच एक प्रकार अंधांच्या रॅलीचा. गाडी साधी, घरचीच, आणि चालक हौशी. शेजारी बसून वाट सांगणारा मात्र दृष्टिहीन. मार्गाचा तक्ता फक्त ब्रेलमध्ये, त्याच्या मांडीवर. प्रवेशशुल्क अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जाते. ‘एवढ्यासाठी पेट्रोल कशाला जाळायचे? सरळ धनादेश पाठवा की,’ असे आमच्या घरातूनच विचारले गेले. प्रश्न रास्त होता. मुंबईतल्या अशा एका रॅलीत उतरलो तेव्हा त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

माझा वाटाड्या बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता, वयाने माझ्या मुलाएवढा. ब्रेल म्हणजे सहा टिंबांची मांडणी, लुई ब्रेलने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी ती बसवली, आपल्या भाषांसाठीचे भारती ब्रेल १९५१ साली ठरले, एवढे मला वाचून ठाऊक होते. पण ब्रेलमधला मजकूर छापील मजकुराच्या कितीतरी पट कागद खातो आणि गाडी खड्ड्यात आदळली की बोट ओळीवरून उडते, हे त्या दिवशी कळले. त्या जाड कागदांच्या चळतीतून तो बोटाने ओळ शोधी. मी किलोमीटरचा आकडा मोठ्याने वाची. तास-दीड तास झकास चालले.

मग एका देवळाजवळ तो म्हणाला, ‘काका, आता डावीकडे.’ तो भाग माझ्या वीस वर्षांच्या पायाखालचा. डावीकडे नुसती वसाहत आहे, पुढे रस्ता नाही, असे ठासून सांगून मी सरळ गेलो. त्याने वाद घातला नाही. किलोमीटरभर गेल्यावर एवढेच विचारले, ‘पुलाखालून गेलो का आपण?’ पूल कुठेच नव्हता. मागे फिरलो. वसाहतीतून नवा रस्ता निघालेला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आठ मिनिटे गेली. ती भरून काढायला मी गाडी पळवू लागलो, तर इंजिनाच्या आवाजावरून त्याने ओळखले. ‘हळू घ्या काका, पुन्हा चुकलो तर परत फिरायला वेळ नाही.’

बक्षीस समारंभात पाहुणे अंधांच्या धैर्याबद्दल भरभरून बोलले. धैर्याचा प्रश्नच कुठे होता? त्याने तक्ता बिनचूक वाचला होता. चूक डोळस माणसाने केली होती. सहानुभूतीची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की समोरच्याचे काम त्याला चोख येते हेच ध्यानात येत नाही. धनादेश पाठवून मी मोकळा झालो असतो आणि माझी ही खोड मलाच कळली नसती.

संध्याकाळी त्याला दादर स्टेशनजवळ सोडले. पदपथावर फेरीवाल्यांच्या टोपल्या, उभ्या केलेल्या मोटारसायकली, एक उखडलेली लादी. इथला तक्ता कोणी छापून दिलेला नव्हता. मी हात धरायला पुढे झालो, तेव्हा तो म्हणाला, ‘तुम्ही धरू नका, काका. मी तुमचा दंड धरतो, म्हणजे तुम्ही कुठे वळता ते मला समजते.’ मी कोपर पुढे केले आणि जिन्यापर्यंत गेलो.

‘पुढच्या वर्षी येणार?’ मी विचारले.

‘येईन ना. पण देवळापाशी डावीकडे वळायचं.’