भिंती रंगवायला पोरं, मग दाव्याला कोण?



पर्यावरण दिन आला की साहेब लोकांना आमची आठवण होते. हातात रोप देतात, शाळेच्या भिंतीवर झाडं काढायला लावतात, फोटो घेतात अन् जातात. जंगलाचा हक्क मागितला की म्हणतात, पुरावा आणा!

पुरावा आमच्यापाशीच आहे. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. त्यातला 13 वा नियम वाचा. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. जुनी विहीर, मसणवटा, देवाचं ठिकाण चालतं. मग डोंगर-ओढ्यांची नावं असलेलं आजीचं गाणं वाया का घालवायचं? जबाबात उतरवा. आम्ही जिंतूर तालुक्यातली आंध पोरं-पोरी, भिंतीवर चित्र काढायचंच तर आपल्या जंगलाच्या हद्दीचा नकाशा काढू.

काहीजण म्हणतात, नाचगाण्यानं जमीन मिळते का? नुसत्यानं नाही मिळत. मुंबईत आरेला 2019 साली पोरं झाडांसाठी उभी राहिली, 29 जणांना अटक झाली, तरी दोन हजारांवर झाडं पाडलीच. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं अभ्यासगट चालवले, कागद केले, अन् 2009 साली सुमारे 1800 हेक्टरचा सामूहिक हक्क घेतला.

ग्रामसभेला निम्मे लोक लागतात, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. पथनाट्य करायचं ते यासाठी, सभेच्या आदल्या रात्री, वस्तीवस्तीवर. ऊसतोडीच्या गाड्या भरल्या की कोरम कुठून आणणार? त्याआधीच सभा लावा.