रस्त्याची कडही आपलीच



आपल्यातलाच एक भाऊ. दुसरी पाळी संपवून रात्री कारखान्यातून सायकलने घरी निघाला. अर्धा कोस महामार्गाची कड, मग डावीकडे पाड्याची पायवाट. त्या अर्ध्या कोसातच मागून गाडी आली आणि न थांबता निघून गेली. सकाळी मजुरीला निघालेल्या बायांना आधी सायकल दिसली, मग तो दिसला.

पोलीस आले, पंचनामा झाला. मयताच्या अंगात काळा शर्ट होता, हे त्यात लिहिलं. सायकलला दिवा नव्हता, हेही लिहिलं. गाडीचा नंबर 'अज्ञात'. पण त्या जागी रस्त्याला दिवा नव्हता, कडेला पाऊल ठेवायला जागा नव्हती, डांबर संपलं की थेट हातभर खड्डा होता, यातलं काहीच कागदावर आलं नाही. कागद वाचणाऱ्याला वाटेल की माणूस शर्टामुळेच मेला.

पाड्यावर बैठक बसली तेव्हा यावरून वाद झाला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "सगळ्यांनी सायकलींना रेडियम लावू या, मी पट्टी आणतो." त्यावर एक जुने साथी चिडले. "म्हणजे चूक आपलीच होती, असं कबूल करायचं का? जमीन आपली गेली, रस्ता त्यांचा झाला, आता मरायचं आपण आणि पट्ट्यापण आपणच लावायच्या?" बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दोघांचंही बरोबर आहे, असं आम्हाला वाटतं. या अंकात त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी पट्टीचं बघू. हिशेब साधा आहे, शाळेतल्या पोरांनाही करता येईल. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे सरकते. समोर काही दिसलं, तर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. त्यानंतर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे सगळे मिळून जवळजवळ ४० मीटर, आपली पन्नास-साठ पावलं. तीही कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकच्या छोट्या गाडीला. गाडी ताशी ८० ने आली तर हेच अंतर ६० मीटरच्या आसपास जातं. भरलेला ट्रक, पावसाने ओला झालेला रस्ता, झोपेला आलेला ड्रायव्हर, मग तर विचारूच नका.

आता डिपरच्या उजेडात काळ्या-निळ्या कपड्यातला माणूस किती लांबून दिसतो? पंचवीस-तीस मीटरवरून. म्हणजे ड्रायव्हर दारू न प्यालेला, सावध, भला माणूस असला तरी आपण दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पांढरा कपडा थोडा लांबून दिसतो. रेडियमची पट्टी मात्र शंभर मीटरच्याही पलीकडून चमकते. तेवढ्यात ड्रायव्हरला दोन-तीन सेकंद जास्त मिळतात. त्या दोन-तीन सेकंदांत आपला माणूस घरी पोचतो.

म्हणून पट्टी लावायची. ती सरकारसाठी नाही, आपली चूक कबूल करायलाही नाही. जंगलात रात्री निघताना आपण हातात काठी घेतो, तेव्हा साप आपल्यामुळे चावतो असं कबूल करत नाही. साप आहे म्हणून काठी घेतो. तशीच ही पट्टी.

करायचं काय, ते नीट सांगतो.

गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्याकडे रेडियमचे तुकडे उरलेले असतात. सायकलच्या मागच्या मडगार्डला लाल पट्टी, पुढे हँडलखाली पांढरी. दोन्ही पायडलना लावायला विसरू नका. पायडल वरखाली होतं, हलणारा उजेड डोळ्यात लवकर भरतो आणि 'ही सायकल आहे' हे लांबूनच कळतं. पट्टीवर चिखल बसला की ती मेली, म्हणून पावसाळ्यात रोज फडक्याने पुसायची. मागे लाकडाची मोळी किंवा पोतं बांधलं तर मडगार्डची पट्टी झाकली जाते. तेव्हा मोळीच्या शेवटालाच पट्टी किंवा पांढरं फडकं बांधा.

सायकल रस्त्याच्या डाव्या कडेने. पायी चालणाऱ्याने मात्र उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी आपल्याला दिसते. पाठीमागून येणाऱ्या गाडीवर कुणी भरवसा ठेवू नये. एकामागे एक चाला, पोरांना रस्त्यापासून लांबच्या बाजूला घ्या. टॉर्च असेल तर उजेड पायाजवळ पाडा, ड्रायव्हरच्या डोळ्यात नको. लग्नसराईत रात्री उशिरा घोळका परत येतो, तेव्हा पुढच्याकडे एक आणि मागच्याकडे एक टॉर्च असायलाच हवा. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांनी हे जास्त ध्यानात ठेवावं. तिथला रस्ता ओळखीचा नसतो आणि पोरं भट्टीवरून दुकानापर्यंत एकटी जातात.

हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला गेलेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून हजारो माणसं शेवटच्या रात्री शिस्तीत चालत आझाद मैदानावर पोचली. त्यात आपले आदिवासी भाऊ-बहिणी किती होते, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मोर्चात जी शिस्त आपण पाळतो तीच बाजारातून घरी येताना पाळायची आहे.

आता त्या जुन्या साथींचं बोलणं. ते जास्त मोठं आहे.

हा रस्ता आभाळातून पडलेला नाही. तो आपल्या शिवारातून गेला. पाडा एका बाजूला राहिला आणि विहीर, शाळा, रेशनचं दुकान, दळीची जमीन दुसऱ्या बाजूला. आजा-पणजांपासूनच्या पायवाटा रस्त्याने मध्येच कापल्या. पायवाट तुटली म्हणून पाय थांबत नाहीत, पाणी आणायला तर जावंच लागतं. मग बाया डोक्यावर हंडे घेऊन दुभाजक ओलांडतात आणि वरून त्यांनाच 'बेशिस्त' म्हटलं जातं. आधी पायवाट कुणी तोडली, हे कुणी विचारत नाही.

रस्ता आखताना आम्हाला विचारलं होतं का? वनहक्क कायदा २००६ सालचा. गावासाठी शाळा, दवाखाना, रस्ता अशा कामाला एक हेक्टरपर्यंत वनजमीन द्यायची तरी ग्रामसभेची शिफारस लागते, असं त्या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये आहे. पण मोठ्या रस्त्यांचा प्रश्न आला तेव्हा ५ फेब्रुवारी २०१३ ला केंद्राने एक पत्र काढलं आणि रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबलचक प्रकल्पांसाठी ग्रामसभेच्या संमतीची अट सैल केली. म्हणजे छोट्या रस्त्याला ग्रामसभा आणि मोठ्या रस्त्याला नाही! कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींचे हक्क जिथे आहेत तिथे ही सूट चालत नाही, असं त्याच पत्रात होतं. आपल्यापैकी किती गावांना हे तेव्हा सांगितलं गेलं?

ग्रामसभेला विचारलं असतं तर आम्ही एवढंच सांगितलं असतं : बाया पाण्याला इथून जातात, पोरं शाळेत इथून जातात, गुरं इथून उतरतात, म्हणून खालून वाट इथे ठेवा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोरपासून तलासरीपर्यंत किती पाड्यांचा जीव अशा एकेका वाटेसाठी अडकलाय, ते तुम्हीच मोजा. आता तलासरी-डहाणूतून वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग काढलाय. त्यावर सायकलला आणि पायी चालणाऱ्याला जागाच नाही. तिथे खालची वाट चुकीच्या जागी पडली तर पाडा कायमचा तुटला समजा.

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटारीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. माणूस गेला, त्याचं दुःख आहेच. दुसऱ्या दिवसापासून देशभर मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा सुरू झाली. झाली ते चांगलंच झालं. पण त्याच महामार्गाच्या कडेनं रोज अनवाणी चालणाऱ्या माणसासाठी कुठली चर्चा झाली? २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, हा केंद्र सरकारचाच आकडा. त्यातली ३२ हजार ८२५ पायी चालणारी होती. म्हणजे पाचातला एक मेला तो गाडीत बसलेलाच नव्हता.

शासन मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल देतं. चांगलं आहे. पण त्या मुलीने ती चालवायची कुठे? सायकल दिली आणि कड दिली नाही, तर आईबाप पोरीला शाळेतून काढतील. मग सायकल दारात गंजणार.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या. अपघात झाला की पाड्यावरची माणसं गोंधळतात, कुणीतरी येऊन पाच-दहा हजारात मिटवून जातो. असं मिटवू नका.

गाडी सापडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. आपण राहतो त्या भागातही तो दाखल होतो, अपघाताच्या ठिकाणीच जावं लागतं असं नाही. सहा महिन्यांच्या आत करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मागता येतात आणि त्यासाठी चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. काळ्या शर्टाचा मुद्दा तिथे चालत नाही, हे लक्षात ठेवा.

गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी हक्क जात नाही. १ एप्रिल २०२२ पासून अशा मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपयांची भरपाई आहे. अर्ज महसूल कचेरीत, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा. ही योजना घरच्यांना सांगणं पोलिसांचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावलं आहे. जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्यावर केस होत नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. म्हणून घाबरून लांब उभे राहू नका, आधी माणूस उचला.

शेवटची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. रस्ता ठरलेल्या सुरक्षा नियमांप्रमाणे बांधला-राखला नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर त्या खात्याला किंवा ठेकेदाराला कलम १९८-अ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण पंचनाम्यात रस्त्याची चूक लिहायलाच लागेल, एवढी ताकद त्या कलमात आहे. म्हणून पंचनाम्याच्या वेळी गावातले दोघे-तिघे हजर राहा. दिवा नाही, कड नाही, फलक नाही, खड्डा किती हात खोल, हे लिहून घ्या. लिहिल्याशिवाय सही करू नका.

आता ग्रामसभेचं काम. वनहक्क दाव्यासाठी आपण शिवार पायी फिरलो, हद्दी दाखवल्या, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, नकाशे केले. तेच काम रस्त्यासाठी करायचं. एक दिवस बाया, पोरं, गुराखी आणि पाळीला जाणारे कामगार यांना घेऊन रस्त्याच्या कडेनं चाला. कोण कुठून ओलांडतं, कुठे अपघात झाला, कुठे अंधार आहे, हे नकाशावर मांडा. मग ठराव करा : इथे खालची वाट, इथे दिवा, इथे गतिरोधक, शाळेजवळ फलक, आणि दोन्ही बाजूंना चालता येईल एवढी सपाट कड. ठराव बांधकाम खात्याला, महामार्गवाल्यांना आणि प्रांताला द्या आणि पोच घ्या. एक प्रत संघटनेकडे पाठवा. सगळ्या पाड्यांचे ठराव एकत्र करून आपण एकदमच प्रांत कचेरीवर जाऊ.

त्या बैठकीत शेवटी काय झालं? तरुण कार्यकर्त्याने दुसऱ्या दिवशी रेडियम आणलं. ज्या साथींनी विरोध केला होता, त्यांनीच सगळ्यात आधी आपल्या सायकलीला लावून घेतलं. लावता लावता म्हणाले, "ही पट्टी मी घरी पोचावं म्हणून आहे. आणि घरी पोचायचं ते उद्या मोर्चाला येता यावं म्हणून."

जमीन आपली, पायवाट आपली, मग रस्त्याची कडही आपलीच. ती मागून घेऊ. तोपर्यंत दिसत राहू, जगत राहू.

जिंदाबाद!