कर्बाची खतावणी

बेसा येथील आमच्या कचेरीपासून सोनेगावचा विमानतळ फारसा दूर नसल्याने, २०२३ च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठात १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली आणि शाश्वत विकासाच्या चिंतनासाठी दूरदूरचे प्रतिनिधी येऊ लागले, तेव्हा या चिंतनापायी इंधन किती जळाले असेल, असा किंचित खोडसाळ प्रश्न मनात आला. अशा प्रवासाच्या कर्बभाराची भरपाई वृक्षलागवडीसारख्या प्रकल्पांच्या पतपत्रांनी (कार्बन क्रेडिट) करावी, आणि एकच पत्र दोघांना विकले जाऊ नये म्हणून त्याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणा एका तलाठ्याच्या हाती नसलेल्या व मागाहून खाडाखोड न करता येणाऱ्या सामाईक दप्तरात व्हावी, ही योजना प्रथमदर्शनी मोहक आहे. परंतु सातबारा निष्कलंक असला म्हणून शेत पिकतेच असे नाही. मे २०२२ मध्ये वेरा या पतपत्रांच्या नोंदणी-संस्थेला, एकदा वापरून बाद झालेल्या पत्रांवर टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरची विकता येणारी नोंद, काढण्यास मनाई करावी लागली. (इथेरियम या अशाच एका ब्लॉकचेनच्या दप्तराचा स्वतःचा वीजखर्च मात्र सप्टेंबर २०२२ मधील पद्धतबदलानंतर ९९ टक्क्यांहून अधिक घटला, हे नमूद करणे न्यायाचे.) रोप जगले की नाही याचा पंचनामा बांधावर जाऊनच करावा लागतो, आणि विदर्भातल्या वैशाखात त्याला पाणी घालणाऱ्याच्या नावाचा रकाना आम्हाला या खतावणीत अद्याप आढळलेला नाही.