सांगितलेले मूल का ऐकत नाही?

आई स्वयंपाकघरातून विचारते, “अरे, जरा पाणी आणतोस का?” मूल “हो” म्हणते आणि जागचे हलत नाही. घरातील वडीलधारी मंडळी यास हट्ट म्हणतात. मूल स्वमग्न असेल, तर असा निवाडा बहुधा अन्यायाचा ठरतो. प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तरही मिळाले. प्रश्नाच्या पोटातील विनंती तेवढी मुलापर्यंत पोहोचली नाही. बाल्टिमोरचे डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातच शब्दाचा अक्षरशः अर्थ घेण्याची ही प्रवृत्ती नोंदलेली आहे.

म्हणून मुलास सुधारण्यापूर्वी सांगण्याची रीत सुधारावी. दुरून हाक न मारता जवळ जावे. “पेला आण” असे एकच काम थोडक्या शब्दांत सांगावे, हवे तर पेल्याचे चित्र दाखवावे आणि मग गप्प राहावे. हे गप्प राहणेच पालकांस सर्वांत जड जाते! उत्तर जुळवण्यास मुलास काही क्षण लागतात. तेवढ्यात तीच सूचना निराळ्या शब्दांत आली, की त्यास पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. “धावू नकोस” यापेक्षा “हळू चाल” हे सोपे, कारण त्यात काय करावयाचे ते सांगितलेले असते. काम होताच कौतुक करावे.

कामाचे लहान भाग पाडून, प्रत्येक यशास तत्काळ बक्षीस देऊन शिकविण्याची पद्धत इव्हार लोव्हास यांनी १९६० नंतर लॉस अँजेलिस येथे रूढ केली. तिचा उपयोग झाला. परंतु आरंभीच्या त्या प्रयोगांत खाऊप्रमाणेच विजेचा झटकाही होता, हे विसरता येत नाही. निव्वळ आज्ञापालन हेच ध्येय मानले, की माणूस कोठवर जातो ते त्यावरून दिसते. शिवाय कोणीही काहीही सांगितले तरी ऐकणारे मूल परक्यांत सुरक्षित नसते. यास्तव “ये” आणि “थांब” यांच्याबरोबरच “नको” आणि “मला समजले नाही” हेही त्यास शिकवावे; बोलता येत नसल्यास खुणेने किंवा चित्राने. कार व ड्युरँड यांनी १९८५ मध्ये काही मुलांस अशी वाक्ये शिकविली, तेव्हा त्यांचा त्रागा पुष्कळ कमी झाला.

मिक्सर चालू असताना कान झाकून दाराशी उभे असलेले मूल “आत येऊन जेवायला बस” म्हटल्यावर आले नाही, तर प्रथम मिक्सर बंद करावा.