फुकटचा नव्हे, हक्काचा वकील



आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुणांचे पोट रिक्षा, टेम्पो आणि डंपरच्या चाकावर चालते. महामार्गावर अपघात होऊन माणूस दगावला, की गाडी मालकाची राहते आणि गुन्हा ड्रायव्हरच्या नावावर चढतो.

सप्टेंबर 2002 मध्ये वांद्र्याला सलमान खानच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेल्या एका कामगाराचा जीव गेला. 6 मे 2015 रोजी सत्र न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच दिवशी हायकोर्टातून जामीन मिळाला आणि डिसेंबर 2015 मध्ये हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडले. त्या खटल्याच्या खऱ्याखोट्यात शिरायचे नाही. प्रश्न एवढाच, की शिक्षेच्या दिवशीच वरच्या कोर्टात उभा राहणारा वकील आपल्या ड्रायव्हरला कुठून मिळणार?

तो कायद्याने मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अंमल 1995 पासून. त्याच्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने मूळ अनुसूचित जातींतील बौद्धांनाही हा दर्जा आहे. म्हणून जातीचा दाखला घरात तयार ठेवा.

अर्ज रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका कोर्टातील समितीकडे करावा. 15100 या क्रमांकावर फोनही करता येतो. माणूस कोठडीत असेल, तर पहिल्या हजेरीलाच "मला वकील हवा" असे मॅजिस्ट्रेटना सांगावे.

वकील का हवा? निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पूर्वी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली ती पाच वर्षांपर्यंत झाली. मात्र हा गुन्हा जामीनपात्र आहे, हे घरच्यांना ठाऊक नसते. जागेचा पंचनामा, नकाशा, आरटीओचा गाडी तपासणी अहवाल यांतली चूक वकीलच कोर्टापुढे आणू शकतो. "कबूल कर, दंडावर सुटशील" असे कुणी सांगितले, तरी वकिलाला विचारल्याशिवाय कबुली देऊ नका. कबुलीनंतर दोषी ठरल्याविरुद्ध सहसा अपील करता येत नाही, फार तर शिक्षेपुरते भांडता येते.

एक गोष्ट मात्र पक्की. बचाव म्हणजे पळून जाणे नव्हे. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे हे ड्रायव्हरचे कायदेशीर कर्तव्य आहे. मेलेला माणूसही बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो. त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येते, आणि कलम 12 मध्ये बसत असतील तर त्यांनाही हाच मोफत वकील मिळतो.

बाबासाहेबांचे अंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, तिथे ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. अशा कोर्टाच्या दारात आपला माणूस एकटा उभा राहू नये. प्रत्येक मंडळाने 15100 हा आकडा विहाराच्या फळ्यावर आजच लिहावा.