‘बॅकफायर’ची न भरून येणारी हानी

युक्रेनने १ जून २०२५ रोजी रशियाच्या हवाई तळांवर एकाच वेळी ड्रोन हल्ले चढविले, तेव्हा सैबेरियातील बेलाया तळावर उभी असलेली ‘टुपोलेव्ह-२२एम३’ ही बॉम्बफेकी विमाने आगीत सापडली. युद्धभूमीपासून चार हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या या तळाजवळ ड्रोन ट्रकमधून आणण्यात आले होते. एकूण ४१ विमानांना फटका बसल्याचा युक्रेनचा दावा उपग्रह छायाचित्रांतून पूर्णपणे सिद्ध झाला नाही. तथापि, जी विमाने जळाली त्यांची जागा घेणारी नवी विमाने रशियाकडे नाहीत. या विमानाचे उत्पादन १९९३ मध्येच थांबले.

‘नाटो’ने ‘बॅकफायर’ असे नाव दिलेल्या या विमानाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे मागे वळणारे पंख. उड्डाणाच्या वेळी ते २० अंशांवर पसरलेले असतात, त्यामुळे जड शस्त्रभार घेऊनही विमान उचलले जाते. पुढे ते ६५ अंशांपर्यंत मागे घेतले की हवेचा रोध घटतो आणि विमान ध्वनीचा वेग ओलांडते. अमेरिकेच्या विमानवाहू युद्धनौकांवर वेगाने चाल करून जाता यावे, हा त्यामागचा हेतू. वॉशिंग्टनला त्याची इतकी धास्ती होती, की १९७९ मध्ये वर्षाला ३० पेक्षा अधिक विमाने बांधणार नाही, अशी हमी ब्रेझनेव्ह यांना द्यावी लागली.

युक्रेन युद्धात मात्र या पंखांचे फारसे काम उरले नाही. विमान दुरूनच क्षेपणास्त्र सोडून परतते. त्यातही ‘ख-२२’ हे क्षेपणास्त्र मुळात समुद्रातील जहाजांसाठी बनविलेले. शहरात त्याचा नेम भरवशाचा नाही. निप्रो शहरातील नऊमजली निवासी इमारतीवर १४ जानेवारी २०२३ रोजी ते कोसळले आणि चाळीसहून अधिक जणांचा बळी गेला.

अण्वस्त्र करारामुळे ही विमाने उघड्यावर ठेवावी लागत होती, असा युक्तिवाद बेलायानंतर झाला. तो टिकत नाही. २०१० च्या ‘न्यू स्टार्ट’ करारात ‘बॅकफायर’ची गणनाच नव्हती. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर युक्रेनच्या वाट्यालाही हीच विमाने आली होती. अमेरिकेच्या अर्थसाह्याने त्याने ती मोडीत काढली. शेवटचे विमान २००६ मध्ये पोल्टावा येथे कापण्यात आले.